हिंगणटाकळीच्या देवाचा पहिला नकार

हिंगणटाकळीचा महादेव कुणाला 'नाही' म्हणत नाही, ही गोष्ट तलवाड्यापासून लिंबागणेशापर्यंत सगळ्या मुलखाला ठाऊक होती. दुसऱ्या गावचे देव रुसतात, अडून बसतात, वर्षभर ताटकळत ठेवतात. हा तसा नव्हता. विहीर खणू का? खण. दुसरा ट्रॅक्टर घेऊ का? घे. मेहुण्याशी बोलणं तोडू का? खुशाल तोड. एवढा मोकळ्या मनाचा देव पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि त्याचा कौल वाचून दाखवायचा मान गुरुपाद आप्पाच्या घराण्याकडे होता.

गुरुपाद आप्पा म्हणजे देवळासमोरचा किराणा दुकानदार. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंडीत इष्टलिंग, आणि गिऱ्हाइकानं साखर मागितली की हमखास चहापत्ती पुढं करायची खोड. दुकानात हा माणूस असा घसरायचा. पण देवळाच्या उंबऱ्यावर बसला की त्याच्या तोंडून निघेल ती काळ्या दगडावरची रेघ.

कौलाची रीत अशी. देऊळ जुनं, दगडी. गाभारा सभामंडपापेक्षा चांगला कमरेएवढा खोल. आत एवढा गारवा, की वैशाखात बर्फाचा गोळेवाला दुपारी तिथं टेकला आणि संध्याकाळी घोंगडी मागत बाहेर आला, असं लोक सांगतात. पिंडीच्या वर छताच्या कडीला लांब साखळी, आणि साखळीला अभिषेकाचा तांब्याचा घडा टांगलेला. वर उंबऱ्यावर मांडी घालून बसलं की घडा बरोबर डोळ्यांसमोर येतो. त्याच्या मागच्या कोनाड्यात समई. दुसरा उजेड नाही, त्यामुळं घडा म्हणजे नुसता काळा गोळा दिसतो. प्रश्न विचारून झाला की देवळाचे पुजारी मृत्युंजय स्वामी खाली उतरतात, डोळे मिटून घडा बाजूला ओढतात, सोडतात आणि देवाला पाठ न दाखवता वर येतात. घडा झोका घेत गेला-आला तर देव हो म्हणाला. गोल गिरकी घेऊ लागला तर नाही म्हणाला. उंबऱ्यावर बसून ते बघायचं आणि मोठ्यानं सांगायचं, एवढंच आप्पाचं काम. बसल्या जागेवरून हलायचं नाही आणि उठायचं तर मुळीच नाही, कारण देवाच्या घड्यापेक्षा माणसाचं डोकं वर जाता कामा नये.

आप्पाच्या बापानं तिथं बसून जन्मभर झोकाच पाहिला. आज्यानंही झोकाच पाहिला. गिरकी कशी दिसते ते त्या घराण्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचं कुणाला नवलही वाटलं नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी कौल लावला मुंजाजीनं. मुंजाजी मेंढपाळ, आप्पाचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचा मुलगा हरिओम पुण्याच्या एका कंपनीत लागला होता आणि रोज फोनवर एकच लकडा लावून होता, की बाबा, मेंढरं विका आणि आईला घेऊन इकडं या. मुंजाजीला ना धड हो म्हणवत होतं, ना पोराचं मन मोडवत होतं. शेवटी त्यानं देवाच्या गळ्यात घातलं.

"म्हादेवा, मेंढरं इकू का?" एवढंच त्यानं विचारलं, आणि डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं.

स्वामींनी घडा सोडला. आप्पानं डोळे बारीक केले. काळा गोळा डावीकडं गेला, उजवीकडं आला, पुन्हा डावीकडं.

"झोका!" आप्पा ओरडला. "हो म्हनला!"

रिवाजाप्रमाणं घंटा वाजली, गूळ वाटला गेला. मुंजाजीनं गुळाचा खडा तोंडात टाकला खरा, पण तो त्याच्या घशाखाली उतरेना. "दुपारी टेंपो घिऊन येतो म्हनलाय तेलगावचा यापारी," एवढं बोलून तो गेला. त्याच्या मागं त्याची बायको अंजना. तिनं गूळ घेतलाच नव्हता.

आप्पा दुकानात येऊन बसला, पण त्याचं चित्त गल्ल्यात लागेना. दोस्ताचा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. देवाचा होकार पुन्हा एकदा डोळे भरून पाहावा, म्हणजे जिवाला बरं वाटेल, असं त्याला वाटलं. आणि ती सोय होती. मागच्या शिवरात्रीला पिंडीवरचा तांब्याचा नाग चोरीला गेला, तेव्हापासून गाभाऱ्याच्या छताला कॅमेरा बसवला होता, आणि त्याचा पडदा आप्पाच्या दुकानात, बिस्किटांच्या बरण्यांवर ठेवलेला होता. आप्पानं कधी मागचं चित्र लावून पाहिलं नव्हतं. चोर पुन्हा आलाच नव्हता ना.

त्यानं बटणं दाबली. सकाळचा गाभारा दिसला, छतावरून. स्वामींनी घडा सोडला.

आप्पाच्या हातातला चहाचा कप तिरपा झाला आणि चहा धोतरावर सांडला तरी त्याला चटका कळला नाही.

घडा झोका घेतच नव्हता. तो पिंडीच्या भोवती फिरत होता. गोल. घाण्याच्या बैलासारखा. महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत, पाण्याची वाट ओलांडत नाहीत, हे शाळकरी पोरालाही कळतं. आणि इथं देवाचा स्वतःचा घडा ती वाट खुशाल ओलांडत फेऱ्यांवर फेऱ्या मारत होता.

"महादेवी!" आप्पानं बायकोला हाक मारली. आवाज असा निघाला, की ती हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली.

"काय झालं? नाग सापडला का?"

"हे बघ. हे काय हाय?"

महादेवीनं पाहिलं. "घडा फिरायलाय."

"फिरायलाय न्हाई गं, झोका घ्यायलाय! म्या सोता बघितलंय. या डोळ्यांनी."

"मंग त्या डोळ्यांचं आपरेशन करा. फिरायलाय."

आप्पाला वाटलं, यंत्रच लबाड. पण जिवाला घोर लागला. त्यानं जुन्या तराजूच्या आकड्याला सुतळी बांधली आणि सुतळीला रांगोळीच्या पुडीची पिशवी टांगली. पिशवीच्या बुडाला सुईनं भोक पाडलं. पिशवी ओढून सरळ सोडली, तर खाली फरशीवर रांगोळीची रेघ उमटली. गेली तशी आली, रेघेवर रेघ.

"म्हातारपणी रांगोळ्या काडायला लागलात का?" महादेवी म्हणाली.

"गप ऱ्हा. आता तू हिला गोल फिरीव. म्या खाली बसतो. उंबऱ्यावर बसतो तसा."

आप्पा फरशीवर मांडी घालून बसला, पिशवी बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी. एक डोळा मिटला. महादेवीनं पिशवीला ओढून कडेला हलका धक्का दिला.

पिशवी डावीकडं गेली. उजवीकडं आली. डावीकडं गेली.

"आगं, म्या फिरीव म्हनलो, तू झोका कावून दिलास?"

"फिरिवलीच की."

"झोका हाय!"

"अवो, खाली बघा."

आप्पानं खाली पाहिलं. फरशीवर रांगोळीचं कडं पडलं होतं. गोल. बांगडीसारखं. आणि डोळ्यांसमोर पिशवी अजून डावी-उजवीकडं झोके घेत होती.

आप्पाचा जबडा असा खाली आला, की तंबाखूची गोळी निसटून त्या कड्याच्या मधोमध पडली. पुढं जाणं आणि मागं येणं त्याच्या डोळ्याला बसल्या जागी दिसतच नव्हतं. दिसत होतं ते फक्त डावं-उजवं. म्हणजे समईच्या उजेडात काळा गोळा सरळ झोका घेवो की गोल फिरो, उंबऱ्यावर बसलेल्या माणसाला दोन्ही सारखंच दिसणार! आप्पाला, आप्पाच्या बापाला, आज्याला!

"मला हिकडून बी झोकाच दिसतोय," महादेवी म्हणाली. आता तीही गंमत म्हणून वाकली होती, पण आप्पाच्या उजव्या अंगाला. "फक्त तुमच्याकडं टोकाला जाती तवा माझ्याकडं मधी ऱ्हाती. आन् माझ्याकडं टोकाला आली की तुमच्याकडं मधी."

आप्पानं ते मनात पक्कं धरलं. मग एकदम त्याला टेंपो आठवला. तो उठला आणि पळाला. चप्पल विसरला, गल्ला उघडा राहिला. हिंगणटाकळीनं आप्पाला पळताना कधी पाहिलं नव्हतं. पारावरची माणसं उठून उभी राहिली, कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं भूकंप, आणि काही न विचारता तीही मागं पळू लागली.

मुंजाजीच्या वाड्यापाशी टेंपो उभा होता. मेंढरं चढवून झाली होती. फाळका लावलेला. मुंजाजी फळ्यांच्या फटीतून हात घालून एका मेंढीचे कान कुरवाळत होता. अंजना दगडावर बसली होती, डोळे कोरडे आणि लाल.

"थांब, बे!" आप्पा धापा टाकत म्हणाला. "मुंज्या, थांब. कौल... झोका नव्हता. गिरकी होती."

मुंजाजीनं हात बाहेर काढला. "काय बोलतोस, गुरप्या? ऊन लागलं का तुला?"

"न्हाई म्हनला देव. इकू नको म्हनला."

सगळीकडं सामसूम झाली. मेंढरंसुद्धा ओरडायची थांबली, असं तिथं असलेले आजही शपथेवर सांगतात.

"देव न्हाई म्हनत न्हाई," मुंजाजी हळूच म्हणाला. लहान पोराला समजवावं तसा.

"म्हनतो. लई येळा म्हनला आसंल. आपल्याला दिसलंच न्हाई." आणि आप्पानं सगळं सांगितलं: कॅमेरा, रांगोळी, फरशीवरचं कडं.

आता गर्दीच्या डोक्यात हळूहळू उजेड पडू लागला, आणि एकेकाचा चेहरा पांढरा होत गेला. सरपंच राधाकिशन देवाच्या होकारावर दर खेपेला बिनविरोध निवडून येत होता. त्यानं खांबाला हात टेकला. बंकटनं कौल लावून डाळिंबाची बाग लावली होती, तिचं सरपण झालं होतं. तो मटकन खाली बसला. आणि गहिनीनाथची बायको वर्षाराणी, जिच्या लग्नाला देवानं खणखणीत होकार दिला होता, ती नवऱ्याकडं वळून म्हणाली, "तरीच!"

"तरीच काय? तरीच काय?" गहिनीनाथ ओरडला, पण ती पुढं बोलली नाही, आणि ते न बोलणंच जास्त लागलं.

"थापा हायत सगळ्या!" राधाकिशन सावरला. "कॅमेऱ्यात उलटंपालटं दिसतं. एका यंत्रापायी देवाला खोटं पाडता का? म्या तीनदा निवडून आलो ते काय गिरकीवर आलो?"

"देवाला न्हाई, माज्या डोळ्याला खोटं पाडतोय म्या," आप्पा म्हणाला. "यंत्र ऱ्हाऊ द्या बाजूला. चला देवळात. परत कौल लावू. फक्त बघनारे दोघं. एक उंबऱ्यावर, म्या. दुसरा डाव्या भिंतीतल्या झरोक्याला."

गाभाऱ्याच्या डाव्या भिंतीत हात जाईल एवढा झरोका होता, पारव्यांपायी वीट घालून बंद केलेला.

"झरोक्यातून कौल बघायचं शास्त्रात न्हाई," मृत्युंजय स्वामी म्हणाले.

"नको म्हनून बी न्हाई," अंजना दगडावरून उठली. "झरोक्याला मी बसते. मेंढरं माजी बी हायत."

व्यापारी म्हणाला, "मला उशीर व्हायलाय," पण भरलेला टेंपो घेऊन तोही सगळ्यांच्या आधी देवळात पोचला.

वीट निघाली. बाहेर तेलाचा रिकामा डबा पालथा घातला, त्यावर अंजना चढली आणि झरोक्याला डोळा लावला. आप्पा उंबऱ्यावर बसला. मागं अख्खा गाव, एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकवून.

"आयका," आप्पा म्हणाला. "घडा आपल्याला दिसतोय तितका टोकाला गेला, की आपन 'टोक' म्हनून ओरडायचं. म्या हिकडून, वैनीनं तिकडून. दुसरं काय बी बोलायचं न्हाई."

"त्यानं काय व्हतं?" राधाकिशननं विचारलं.

"घडा सरळ माज्या डाव्या-उजव्या अंगाला झुलला, तर वैनीला तो जागीच दिसंल, त्या गप ऱ्हातील. त्यांच्या बाजूनं झुलला, तर म्या गप."

"आन् तिरपा झुलला तर? दोघांला बी दिसंल की झोका!" सरपंचाचं डोकं खुर्चीच्या काळजीनं भलतंच चालू लागलं होतं.

"दिसंल. पन तिरपा झोका टोकाला गेला की थांबतोच, दोघांसाठी एकदमच थांबतो. दोघांचं 'टोक' एका टायमाला येईल. झोक्याला टोक असतं, सरपंच. गिरकीला कुटलं टोक? ती थांबतच न्हाई. तवा माजं टोक आलं की वैनीचं मधलं, आन् वैनीचं टोक आलं की माजं मधलं. आवाज आलटून पालटून येईल."

लोकांना अर्धं कळलं, अर्धं नाही. पण आवाज एकदम येतो की आलटून पालटून, एवढं ऐकायला कुणाला शिक्षण लागत नाही. मुंजाजीनं मुंडासं काढलं. "म्हादेवा," तो म्हणाला, "मेंढरं इकू का?"

स्वामी उतरले. डोळे मिटले. घडा ओढला, सोडला. सोडताना त्यांचा हात जरा कडेला जातो, संधिवात आहे बिचाऱ्यांना. पण देवाच्या कारभारात असल्या गोष्टी काढू नयेत.

काळा गोळा डावीकडं गेला.

"टोक!" आप्पा.

आणि भिंतीच्या पलीकडून, पाण्यातून यावा तसा अंजनाचा आवाज आला, "टोक!"

"तिला बी झोका दिसला!" राधाकिशन आनंदानं उडाला. "दोघांला बी झोका! डबल होकार! वाजवा घंटा!"

"टोक!" आप्पा. घडा उजवीकडं पोचला होता.

"टोक!" अंजना.

"टोक!"

"टोक!"

राधाकिशनचा घंटेकडं गेलेला हात वरच राहिला. आता सगळ्यांनाच ऐकू येत होतं. उखळात दोघी जणी मुसळ घालतात, एकीचं वर तर दुसरीचं खाली, तसे ते आवाज पडत होते. एकदाही एकत्र नाही. एकदाही कुणी गप नाही. डोळ्यांना झोका दिसत होता आणि कानांना गिरकी ऐकू येत होती, आणि त्या दोन्हींच्या मधे अख्खं हिंगणटाकळी तोंड उघडं टाकून बसलं होतं.

मग पलीकडचा आवाज बंद पडला. डबा वाजल्यासारखं झालं. इकडं आप्पाही थांबला. त्याला आता सांगायचं होतं. त्या उंबऱ्यावरून जो शब्द त्याच्या बापानं, आज्यानं कधी उच्चारला नव्हता, तो त्याच्या जिभेवर येईना.

"न्हाई," तो म्हणाला. "देव न्हाई म्हनला."

होकार मिळाला की काय करायचं ते सगळ्यांना पाठ होतं: घंटा, गूळ, जयजयकार. नकार मिळाल्यावर काय करतात, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. घंटा वाजवावी का? गूळ वाटावा की परत बरणीत घालावा? स्वामी गाभाऱ्याच्या पायरीवर अर्धेच वर येऊन थांबले होते, एक पाय वर, एक खाली. एका बाईनं सवयीनं "हर हर" म्हटलं आणि "महादेव" म्हणायला कुणीच पुढं आलं नाही.

"म्हंजे..." मुंजाजीनं विचारलं, "इकू नको?"

"नको."

"सोता म्हनला?"

"सोता."

मुंजाजीला हसावं की हात जोडावेत ते कळेना. तेवढ्यात बाहेरून खाडकन आवाज आला. मागोमाग व्यापाऱ्याची आरोळी: "आवो बाई! आवो ताई, जरा थांबा!"

अंजना कौल ऐकायला थांबलीच नव्हती. तिला तो झरोक्यातूनच मिळाला होता. डब्यावरून उडी टाकून ती थेट टेंपोकडं गेली होती, आणि फाळक्याचा अडसर काढला होता. गाव बाहेर धावलं तेव्हा मेंढरं फाळक्यावरून एकामागं एक खाली कोसळत होती, पहिल्यानं उडी घेतली म्हणून दुसरं, दुसऱ्यानं घेतली म्हणून तिसरं, आणि खाली उतरलेलं प्रत्येक मेंढरू देवळाच्या आवारातल्या बेलाच्या फांद्यांना तोंड लावत होतं. महादेवी दुकानाच्या दारात लाटणं घेऊन उभी होती आणि आत शिरलेल्या एका मेंढ्याला फरशीवरच्या रांगोळीवरून हाकलत होती. व्यापारी डोक्याला हात लावून म्हणाला, "माज्या धंद्यात आसलं बघितलं न्हाई."

"आमी बी देवात बघितलं न्हाई," बंकट म्हणाला.

मुंजाजी पायरीवर बसला. खिशातला फोन वाजत होता. हरिओमचा होता, मेंढरं निघाली का, हे विचारायला. मुंजाजीनं तो उलटा धरून कानाला लावला, मग सुलटा.

"हॅलो? न्हाई रे, न्हाई इकली. न्हाई म्हनला... कोन म्हंजे? म्हादेव!" तिकडून पोरगा तेच परत परत विचारत असावा, कारण मुंजाजी फोनकडं बघू लागला. मग त्यानं तो पुन्हा कानाशी धरला आणि मेंढरांच्या ओरड्यावर आवाज चढवून म्हणाला, "आरं, मला बी खरं वाटंना बाबा! पन आख्ख्या गावानं आयकलंय. न्हाई म्हनला तो. सुट्टीला ये, आन् तू सोता झरोक्याला बसून बघ!"